गुलाबी कागद कोणाच्या मालकीचा?

मुलगा चार-पाच वर्षं ट्रेलर चालवतोय, एजंट पोलंडचा व्हिसा काढून देतो म्हणतो, काही लाख मागतो, द्यावेत का? असा प्रश्न घेऊन येणारे पालक आता फक्त वाहतूक धंद्यातले नसतात. शेतीवर भागत नाही, पदवी घेऊनही हाताला काम नाही, अशा घरांतूनही तो येतो. युरोपात ट्रकचालकांची टंचाई आहे, ही बातमी खोटी नाही. तिथले चालक वयस्कर होत चाललेत, तरुण या कामाकडे फिरकत नाहीत, आणि पोलंड, लिथुआनियातल्या वाहतूक कंपन्या युक्रेन, बेलारूस, उझबेकिस्तानपासून थेट आपल्यापर्यंत माणसं शोधतात. तेव्हा नोकरी आहे. तुमच्यासमोर ठेवलेला कागद त्या नोकरीचा आहे का, एवढंच पाहायचं. पैशांचं नंतर बोलू.

युरोपीय संघाच्या २००९ सालच्या १०७२ क्रमांकाच्या नियमावलीत एका कागदाची तरतूद आहे. त्याचं नाव ड्रायव्हर अटेस्टेशन. संघाबाहेरच्या देशाचा नागरिक भाड्याचा माल घेऊन एका सदस्य देशातून दुसऱ्यात ट्रक नेणार असेल, तर हा कागद गाडीत असावाच लागतो. ए-फोर आकाराचा, गुलाबी रंगाचा. त्यावर चालकाचं नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पासपोर्टचा आणि वाहन परवान्याचा क्रमांक, सामाजिक सुरक्षा क्रमांक आणि कंपनीचं नाव असतं. सांगतो तो एवढंच, की हा माणूस या कंपनीकडे त्या देशाच्या कायद्याप्रमाणे कामाला आहे.

हे का आणावं लागलं? पूर्वी काही कंपन्या बाहेरच्या देशातले चालक स्वस्तात, बिनकागदी केबिनमध्ये बसवत आणि दुसऱ्या देशात पाठवत. तिथल्या महामार्गावर गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला हा चालक कंपनीच्या देशात कायदेशीर नोकरीवर आहे की नाही हे ताडून बघायची सोयच नव्हती. म्हणून मार्च २००३ पासून हा कागद सुरू झाला. आजही ज्या देशाने असे कागद दिले, त्याने त्यातले किमान वीस टक्के दरवर्षी तपासावेत असा नियम आहे.

आता पालकांनी नीट लक्षात घ्यायची बाब. अटेस्टेशनसाठी अर्ज चालक करत नाही, कंपनी करते. कंपनीकडे संघाचा आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीचा परवाना असावा लागतो आणि चालक आधीच तिच्याकडे कायदेशीर कामाला असावा लागतो. पोलंडमध्ये हा कागद वॉर्सामधलं रस्ते परिवहन निरीक्षणालय देतं. मूळ प्रत गाडीत, साक्षांकित प्रत कंपनीच्या कार्यालयात. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. पण नोकरी सुटली की त्याच दिवशी कागदाचा अर्थ संपतो आणि कंपनीने तो परत करायचा असतो. नाव मुलाचं, मालकी कंपनीची.

यातून फसवणूक ओळखायची सगळ्यात सोपी खूण मिळते. नाशकात, सांगलीत किंवा दादरच्या ऑफिसात बसून कोणी 'अटेस्टेशनसकट पॅकेज' विकत असेल, मुलाने अजून विमानही पकडलेलं नसताना गुलाबी कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असेल, तर पुढचं बोलणं थांबवा. जी नोकरी अजून सुरूच झालेली नाही, ती कायदेशीर आहे असा दाखला कोणतंही सरकार देत नाही.

खरा क्रम असा चालतो. आधी तिथली कंपनी तिथल्या सरकारकडून तुमच्या नावाचा वर्क परमिट मिळवते. पोलंडमध्ये तो प्रांताचा प्रमुख, म्हणजे वोयेवोदा, देतो. त्याच्या आधारे तुम्ही इथे राष्ट्रीय व्हिसा मागता, त्याला डी प्रकार म्हणतात. पर्यटनाच्या शेंगेन व्हिसावर जाऊन 'तिथं कन्व्हर्ट करू' हे आश्वासन ऐकलंत तर उठून या. तिथे पोहोचल्यावर वैद्यकीय आणि मानसिक चाचण्या, विम्याची नोंद, वाहन परवान्याचं काम, व्यावसायिक पात्रता, मग अटेस्टेशन, मग टॅकोग्राफचं कार्ड. या साखळीला काही महिने सहज जातात, आणि त्या काळात पगार काय, राहायचं कुठे, प्रशिक्षणाचा खर्च कोणाचा, हे करारात लिहिलेलं असावं. बहुतेक कर्जं याच महिन्यांत फुगतात.

वाहन परवाना हा आपल्या मुलांना सर्वांत जड जाणारा टप्पा. इथे वर्षानुवर्षं चाळीस फुटी कंटेनर ओढणाऱ्याला वाटतं, आपलं लायसन्स आहे, इंटरनॅशनल परमिट काढलं की झालं. तसं होत नाही. इंटरनॅशनल परमिट पाहुण्यासाठी असतं. तिथे राहून नोकरी करणाऱ्याला तिथलाच परवाना लागतो, आणि तो कसा मिळेल हे देशागणिक बदलतं. जर्मनीत भारतीय परवाना वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने चालतो, त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. शिवाय गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने. दुबई-मस्कतला हेवी ट्रेलर चालवून आलेल्यांना हे अंगवळणी पडलेलं असतं, म्हणून युरोपातल्या कंपन्या आखातातला अनुभव असलेल्या भारतीयांना पसंती देताना दिसतात.

परवान्यावर आणखी एक नोंद लागते, तिला कोड ९५ म्हणतात. चालकाने व्यावसायिक पात्रतेचं प्रशिक्षण घेतलं आहे याची ती खूण. पूर्ण अभ्यासक्रम २८० तासांचा, जलद अभ्यासक्रम १४० तासांचा, आणि पुढे दर पाच वर्षांनी ३५ तासांची उजळणी. बाहेरच्या देशातल्या चालकाने हे प्रशिक्षण जिथली कंपनी आहे किंवा ज्या देशाने वर्क परमिट दिला तिथेच घ्यायचं असतं. म्हणजे भारतात विकला जाणारा 'कोड ९५ कोर्स' फार तर तयारीचा वर्ग असेल, पात्रता नव्हे. टॅकोग्राफ म्हणजे गाडी किती तास चालली, चालकाने विश्रांती किती घेतली हे नोंदवणारं यंत्र. त्यात घालायचं कार्ड चालकाच्या नावाचं असतं. संघात अजून नेहमीचं वास्तव्य न झालेल्या चालकाला अपवाद म्हणून जास्तीत जास्त १८५ दिवसांचं तात्पुरतं कार्ड देता येतं, पण त्यासाठीही त्या देशातल्या कंपनीची नोकरी आणि अटेस्टेशन दाखवावं लागतं. एकातून एक अडकलेल्या या कड्या आहेत. मधली एखादी आधीच हातात आली, तर ती बनावट असण्याचीच शक्यता जास्त.

आता कागदांच्या या ढिगाचे दोन वाटे करा. परवाना, कोड ९५ आणि टॅकोग्राफ कार्ड मुलाचं. कंपनी बदलली तरी सोबत जातं. वर्क परमिट आणि अटेस्टेशन कंपनीशी बांधलेलं. पोलंडमध्ये नंतर मिळणारा वास्तव्याचा परवानाही बहुधा त्याच मालकाशी जोडलेला असतो. घरात पगाराची चर्चा होते, या वाटणीची होत नाही. पुढे मालकाने पगार थकवला, तर मुलगा लगेच दुसरीकडे जाऊ शकेल की महिनोन्‌महिने लटकेल, हे मात्र या वाटणीवरच ठरतं.

हे नुसतं पुस्तकी नाही. २०२३ मध्ये जर्मनीच्या हेसेन राज्यात ग्रेफेनहाउसेन नावाच्या महामार्गावरच्या थांब्यावर एका पोलिश मालकाच्या गाड्या चालवणाऱ्या जॉर्जिया आणि उझबेकिस्तानच्या चालकांनी थकलेल्या पगारासाठी ट्रक उभे केले. मालक खासगी सुरक्षारक्षक घेऊन गाड्या ताब्यात घ्यायला आला, तेव्हा जर्मन पोलिसांना मध्ये पडावं लागलं. सुमारे तीन लाख युरो हातात पडल्यावरच पहिला संप मिटला. त्याच वर्षी जुलैपासून तिथेच दुसरा संप झाला, तो सप्टेंबरअखेरपर्यंत चालला, काहींनी उपोषणही केलं. त्यातल्या अनेकांकडे पक्का रोजगार करार नव्हता.

म्हणून कराराचं शीर्षक वाचा, भाषा येत नसली तरी. पोलंडमध्ये 'उमोवा ओ प्रात्से' म्हणजे रोजगार करार: रजा, नोटीस, श्रमकायद्याचं संरक्षण त्यात येतं. 'उमोवा झ्लेत्सेन्ये' म्हणजे कामापुरता करार. त्यात हे संरक्षण फार थोडं. पगाराचंही तसंच. एजंट महिन्याचा जो आकडा सांगतो, त्यात मूळ वेतन किती आणि रोजचा भत्ता किती हे वेगळं विचारा. २०२५ साली पोलंडचं किमान वेतन कर कापण्यापूर्वी महिना ४,६६६ झ्लोटी होतं. जाहिरातीतला आकडा त्याच्या दुप्पट असेल, तर वरचा भाग बहुधा भत्त्यांचा. गाडी चालली तर भत्ता, आजारी पडलात तर नाही. आपल्याकडच्या ट्रिपच्या भत्त्याचं गणित ज्यांना कळतं, त्यांना हे समजावून सांगायला नको.

कंपनी खरी आहे का, हे घरबसल्या पाहता येतं. पोलंडमधल्या मालवाहतूकदारांची नोंदवही रस्ते परिवहन निरीक्षणालयाच्या संकेतस्थळावर सर्वांना खुली आहे. कंपनीचा दहा आकडी कर क्रमांक, त्याला निप म्हणतात, मागून घ्या आणि तिथे टाकून बघा. क्रमांक द्यायला एजंट कां-कूं करत असेल तर तेही उत्तरच आहे.

इथली बाजूही तपासा. परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटाला १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. अशा एजंटांची यादी ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे. नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो, पावती देऊन. 'आम्ही एजंट नाही, व्हिसा कन्सल्टंट आहोत' ही पळवाट फार चालते. पाटी काहीही असो, तो नोकरी लावून देतोय का ते बघा. वरच्या प्रश्नातल्या 'काही लाखां'चं उत्तर इथे मिळतं: यातला बहुतेक पैसा कोणत्याही नियमात बसत नाही. शिवाय २०२३ मध्ये पोलंडमध्ये व्हिसा विकल्याचं प्रकरण गाजलं, त्यात उपपरराष्ट्रमंत्र्याला पद सोडावं लागलं आणि मुंबईतल्या पोलिश वकिलातीतून गेलेल्या अर्जांचीही चर्चा झाली. 'आतून सेटिंग आहे' म्हणणाऱ्याला आज पैसे देणं म्हणजे नसता धोका ओढवून घेणं.

अजून शिकत असलेल्या मुलांशी आता बोलतो. बारावी किंवा आयटीआयचा डिझेल मेकॅनिक पुरा करा, मग विचार करा. आपल्याकडे मालवाहू गाडीच्या परवान्याला वय वीस पूर्ण लागतं, आणि त्याआधी हलक्या मोटारीचा परवाना किमान एक वर्ष हातात असावा लागतो. त्यानंतरची दोन-तीन वर्षं न्हावाशेवा किंवा कळंबोलीहून सुटणाऱ्या लांब पल्ल्याच्या ट्रेलरवर काढा, पण कागद ठेवून. आपला ट्रकधंदा तोंडी चालतो. मालक ओळखीचा, पगार रोखीत, नेमणूकपत्र कोणी मागत नाही, कोणी देत नाही. दहा वर्षं गाडी हाकलेल्या माणसाकडे अनुभवाचा एक कागद नसतो. नेमणूकपत्र मागा, पगार बँकेत घ्या, पीएफ कापला जात असेल तर त्याचं पासबुक जपा. जुना पुस्तकी परवाना असेल तर तो आरटीओच्या सारथी प्रणालीत चढवून घ्या आणि परवान्याचा उतारा काढून ठेवा.

नावाचा घोळ आपल्याच मुलुखाचा. पासपोर्टवर आडनाव शेवटी, परवान्यावर पहिलं, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधोमध, आणि आधारवर इंग्रजी स्पेलिंग भलतंच. अटेस्टेशनवर पासपोर्ट आणि परवाना दोन्हींचे तपशील एकत्र येतात. तिथे अडण्यापेक्षा इथे आरटीओत किंवा पासपोर्ट कार्यालयात दुरुस्ती करून घेणं स्वस्त पडतं.

आयांना वाटणारी काळजी कागदांपलीकडची असते, तीही थोडक्यात. गाडी चालवण्याचे तास तिथे कायद्याने बांधलेले आहेत: दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा, साडेचार तासांनंतर पाऊण तासाचा थांबा, दोन आठवड्यांत मिळून ९० तासांवर नाही. ४५ तासांची साप्ताहिक विश्रांती केबिनमध्ये घेता येत नाही. नियम असा असला, तरी आठवडेच्या आठवडे घर म्हणजे केबिन, जेवण स्वतः करायचं, बोलायला कोणी नाही, हे चित्र बदलत नाही. एकटं राहायची सवय नसलेल्या मुलाला आधी सलग महिनाभर लांबच्या फेऱ्यांवर पाठवून पाहावं.

पासपोर्ट मात्र कोणत्याही मालकाकडे ठेवायला देऊ नका. सगळ्या कागदांच्या प्रती गावी ठेवा. करार, दर महिन्याची वेतनचिठ्ठी, विम्याच्या नोंदी, भाडेकरार, सगळं. कायदेशीर आणि सलग वास्तव्याची पाच वर्षं झाली आणि उत्पन्न, आरोग्यविमा यांच्या अटी भरल्या, की संघाचा दीर्घकालीन रहिवासी म्हणून अर्ज करता येतो. तो दर्जा मिळालेल्या चालकाला गुलाबी कागद लागतच नाही. मग दुसऱ्या कंपनीत जाताना जुन्या मालकाची मर्जी बघावी लागत नाही, आणि पगाराची घासाघीस करताना सूर बदलतो. काही लाखांचं कर्ज काढायचंच असेल, तर हिशेब पहिल्या महिन्याच्या पगारावर नको. या पाच वर्षांवर मांडून बघा.