पोलादी कंटेनरला झरोके पाडताना घ्यावयाची काळजी

मोसंबीच्या बागेत खते व औजारे ठेवण्यासाठी मालवाहतुकीतून निघालेला जुना पोलादी कंटेनर उपयोगी पडतो. परंतु पैठण भागातील उन्हाळ्यात तो भट्टीसारखा तापतो आणि पावसाळ्यात छताला आतून पाणी सुटून गोण्या ओलावतात. म्हणून त्यास झरोके हवेत.

कंटेनरचा भार चार कोपऱ्यांचे खांब व वरखालच्या तुळया पेलतात. बाजूचा पन्हळी पत्रा जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा असतो. तरीही तोच सांगाडा ताठ ठेवतो. तो बेताल कापल्यास वरची तुळई वाकते व दारे बसेनाशी होतात. खांब व तुळया कधीही कापू नयेत.

प्रथम कंटेनर समपातळीत चारही कोपऱ्यांवर टेकवावा. आतील सर्व माल बाहेर काढून दारे उघडी ठेवावीत. एक झरोका खाली व दुसरा समोरच्या बाजूस छताजवळ आखावा, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाते. मोठे दार काढावयाचे असल्यास लोखंडी चौकट आधी वेल्डिंगने बसवून मगच पत्रा कापावा. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून कापताना चष्मा व मुखपट्टी वापरावी. कापलेल्या कडांना रेड ऑक्साइड लावून झरोक्यांवर जाळी व पावसाची झडप बसवावी.

तळाच्या फळ्यांना बहुधा कीटकनाशक लावलेले असते. तेव्हा त्यांवर धान्य उघडे ठेवू नये, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस अवश्य समजावून द्यावे.