पट्टी कुणीही घेतं, पेटी बघून घे

हॉलच्या पीओपीत एलईडी पट्टी टाकायची म्हणतोस, टाक. पण दुकानात रंगांचे नमुने बघत बसू नको. पिवळा की पांढरा, ते घरी बसून ठरवा. तुला वाचायचंय ते रिळाच्या कागदावर बारीक अक्षरांत असतं: किती व्होल्ट आणि मीटरला किती वॅट. पट्टी गेली म्हणून लोक मला बोलावतात, अन् बघावं तर पट्टी धड असते. मेलेली असते ती तिला वीज देणारी पेटी, म्हणजे एसएमपीएस.

हिशेब सोपा आहे. बारा बाय पंधराच्या हॉलला कडेकडेनं साधारण १६ मीटर पट्टी लागेल. मीटरला ९.६ वॅटची घे. बसायच्या खोलीला तेवढा उजेड पुष्कळ झाला, १४.४ ची दुकानाच्या शोकेसला राहू दे. सोळा मीटरचे झाले १५४ वॅट. आता दुकानदार १५० ची पेटी पुढं करील अन् म्हणेल, "चालतंय हो." घेऊ नको. १५४ ला ०.८ नं भाग, १९२ येतात. म्हणजे कमीत कमी २०० वॅटची पेटी पाहिजे. आपल्या भागात मी २४० चीच घ्यायला सांगतो, अन् कामून ते ऐक.

पेटीवर लिहिलेला आकडा थंड जागेतला असतो. चांगल्या कंपनीच्या माहितीपत्रकात एक आलेख दिलेला असतो. ४०-५० अंशांपर्यंत रेघ सरळ जाते, पुढं खाली वाकते. म्हणजे तीच पेटी गरम जागेत तेवढा लोड ओढत नाही. आता मे महिन्यातली परभणी आठव. बाहेर पारा ४४ च्या पुढं, वर दिवसभर तापलेला स्लॅब, खाली पीओपी, अन् मधल्या वीतभर कोंडीत तू पेटी दडवणार. आतले कपॅसिटर उष्णतेनंच मरतात. दहा अंश वाढले की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून पेटी पीओपीच्या पोटात ठेवायचीच नाही. दाराच्या वरच्या माळ्यावर किंवा कपाटावर ठेव, जिथं वारा लागेल अन् स्टुलावर चढून हात पुरेल. जाळीच्या पेटीची भोकं वर्षातून एकदा ब्रशनं साफ कर. आपल्याकडं कापसाच्या हंगामात तंतू घरभर उडतात अन् त्या भोकांवर नमदा बसतो. पाल आत शिरून चिकटली, तर पालही गेली अन् पेटीही.

आता व्होल्ट. पट्टी १२ ची असेल तर पेटी १२ चीच, २४ ची असेल तर २४ चीच. इथं तडजोड नाही. अँपिअर मात्र जास्त असले तरी बिघडत नाही, पट्टी लागेल तेवढेच घेते. पोरांना नेमकं हेच उलटं वाटतं. दहा अँपिअरची पेटी लावली तर पट्टी जळेल म्हणून घाबरतात, अन् लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर बिनधास्त जोडतात.

तुझ्या हॉलला २४ व्होल्ट घे. तुझ्या शेतात ठिबक आहे, नळी लांबली की शेवटच्या ड्रीपरला पाणी कमी पडतं, तसंच हे. १५४ वॅटला १२ व्होल्टवर जवळजवळ १३ अँपिअर वाहतात, २४ वर साडेसहा. पेटी पाच मीटर लांब ठेवून दीड एमएमची तांब्याची वायर ओढली, तर १२ व्होल्टवर पावणेदोन व्होल्ट वायरमध्येच जातात. बारातले पावणेदोन! २४ वर एक व्होल्टसुद्धा जात नाही. वायर तीच, पेटीची जागा तीच. शिवाय सोळा मीटर एका ओळीत ओढू नको. एका कोपऱ्यातून दोन्हीकडं आठ-आठ मीटर काढ, म्हणजे शेवटचं टोक मंद पडणार नाही. रंग बदलणाऱ्या पट्टीत तर हे आधी कळतं. टोकाला पांढरा रंग लालसर दिसायला लागतो, कारण व्होल्ट कमी पडले की निळा अन् हिरवा आधी दमतात.

पॅनल लाइटचा जुना ड्रायव्हर घरात पडलाय, तो वापरू नको. त्याच्यावर ३०० मिलिअँपिअर असं काहीतरी लिहिलेलं असतं अन् व्होल्ट एका आकड्याऐवजी 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असतात. तो करंट धरून ठेवतो, व्होल्ट नाही. जुन्या वायफायचा १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर असेल तर तो मात्र देवघराला लाव. मीटरभर १२ व्होल्टची पट्टी त्यावर खुशाल चालते.

अन् ती थेट २३० व्होल्टवर चालणारी पट्टी, पेटी नको, काही नको, पिन खोचली की झालं, ती घरात आणूच नको. स्वस्त असते, मान्य. पण कापलेल्या टोकाला पूर्ण वीज असते. महालक्ष्म्यांच्या आरासीत शेजारी पाण्याचा कलश, वर जरीच्या साड्या, खाली लेकरं. तिथं १२ व्होल्टचीच पट्टी पाहिजे. शॉक लागत नाही म्हणून १२ व्होल्टलाही हलकं धरू नको. दहा अँपिअरची पेटी शॉर्ट झाली तर बारीक वायर लाल होऊन साडी पेटवू शकते. पेटीच्या बाहेर पडणाऱ्या वायरला फ्यूज घाल. गुंडाळलेलं रीळ तसंच चालू करून बघू नको, तेही तापतं.

आपल्या गावातली जुनी चक्राकार बारव गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळी केली, तेव्हापासून तिच्या पायऱ्यांवर पट्ट्या लावू असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी म्हणतो, पणत्या लावा. त्या सकाळी उचलता येतात. जुन्या दगडात खिळे अन् डिंक कशाला?

घरी सोलरची बॅटरी आहे म्हणून पट्टी थेट तिच्यावर टाकशील, तर थांब. १२ ची म्हणतात ती बॅटरी चार्ज होताना १४ च्या वर जाते अन् पट्टी भाजते. मध्ये व्होल्ट स्थिर ठेवणारं सर्किट पाहिजे. उजेड कमीजास्त करायचा तर कंट्रोलर पेटी अन् पट्टीच्या मध्ये येतो. पंख्याचा रेग्युलेटर पेटीच्या आधी लावलास तर पेटी फडफडून मरेल.

दुकानात पेटी हातात घे. २४० वॅटची म्हणून दिलेली पेटी डब्यासारखी हलकी लागली तर आकडा खोटा समज. इनपुट १०० ते २४० असं रुंद लिहिलेलं बघ, कारण संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की आपल्या लाइनीचे व्होल्ट कुठं जातात ते तुला माहीत आहे. बाजूला ११०/२२० चं सरकतं बटण असेल तर ते २२० वरच आहे ना, हे वीज देण्याआधी बघ. भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हाखाली 'आर' नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर घालून तिथंच तपास. अर्थिंगचा स्क्रू मोकळा सोडू नको. पेटीवरचा पिळायचा बारका स्क्रू उजेड वाढवायला नसतो, त्याला हात लावू नको. अन् बिल मागून घे, वॉरंटी त्याच्यावरच मिळते. येताना दीड एमएमची लाल-काळी वायर दहा मीटर आण. रविवारी मल्टिमीटर घेऊन मी येतो.