पहिल्याच वर्षी पहिल्या अकरांत? महाविद्यालयीन फुटबॉलमधील सेफ्टीच्या जागेचा विचार

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला, ज्याला तेथे फ्रेशमन म्हणतात, मुख्य संघातून खेळण्याची सरसकट मुभा राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजेच एनसीएएने, १९७२ साली दिली. त्याआधी बहुतेक ठिकाणी अशा मुलांचे वेगळे संघ असत आणि पहिले वर्ष अभ्यासात व विद्यापीठात रुळण्यात जावे, अशी अपेक्षा असे. गेल्या अर्धशतकात ही अपेक्षा इतकी मागे पडली आहे की, शाळेच्या शेवटच्या वर्षी डिसेंबरमध्ये विद्यापीठाशी करार करणारा मुलगा आणि त्याचे पालक दोघेही पहिल्याच शरद ऋतूत मैदानात उतरण्याची आस धरतात, आणि तसे झाले नाही तर निवड चुकली असे मानू लागतात. सेफ्टी या जागेपुरता विचार केला, तर ही आस अवास्तव नाही. मात्र ती पूर्ण होणे मुलाच्या गुणवत्तेइतकेच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक, त्या विशिष्ट संघात त्या विशिष्ट वर्षी जागा रिकामी आहे की नाही यावर अवलंबून असते, आणि विद्यापीठ निवडताना नेमकी हीच गोष्ट सर्वांत कमी तपासली जाते.

सेफ्टी म्हणजे बचाव करणाऱ्या अकरा खेळाडूंपैकी सर्वांत मागे उभा राहणारा खेळाडू. साधारणपणे एका संघात असे दोन असतात, आणि त्यांच्या पुढे प्रतिस्पर्ध्यांच्या झेल घेणाऱ्या खेळाडूंना, म्हणजे रिसीव्हरना, रोखणारे कॉर्नरबॅक व मधल्या फळीतील लाइनबॅकर असतात. क्रिकेटमधील यष्टिरक्षकाप्रमाणे सेफ्टीला संपूर्ण मैदान समोर दिसते, आणि त्याच्याप्रमाणेच त्याची चूक झाकायला मागे कोणी नसते. पुढच्या फळीतील खेळाडूचा टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडण्याचा प्रयत्न, फसला तर पाच-दहा यार्ड जातात, परंतु सेफ्टीचा फसला तर बहुधा सहा गुण जातात. प्रशिक्षक या जागेवर अननुभवी मुलाला उभे करण्यास का कचरतात, याचे मूळ या हिशेबात आहे.

पालकांचा समज सहसा असा असतो की, अडचण शरीराची आहे. अठरा वर्षांचा मुलगा बावीस-तेवीस वर्षांच्या पुरुषांपुढे कसा टिकणार, ही त्यांची चिंता असते. ही चिंता खोटी नाही, पण शारीरिक बळ हा आक्रमणाच्या व बचावाच्या पुढच्या फळीतील खेळाडूंसाठी जितका मोठा अडसर असतो, तितका तो सेफ्टीसाठी नसतो. वेग आणि चपळाई ज्याच्याकडे आहे, त्याला विद्यापीठातील व्यायामशाळेत आठ-दहा महिन्यांत पुरेसे वजन व ताकद मिळवता येते. खरा अडसर आकलनाचा आहे. चेंडू खेळात येण्यापूर्वीच्या काही सेकंदांत सेफ्टीला प्रतिस्पर्ध्यांची मांडणी ओळखावी लागते, कोणत्या बाजूला किती रिसीव्हर उभे आहेत हे मोजावे लागते, त्यातला एखादा अचानक आडवा धावत दुसऱ्या बाजूला गेला तर ठरलेली योजना बदलावी लागते आणि तो बदल कॉर्नरबॅक व लाइनबॅकर यांच्यापर्यंत आवाजाने किंवा हाताच्या खुणेने पोहोचवावा लागतो. एखाद्या खेळाडूला हा बदल कळला नाही, तर मैदानाचा एक संपूर्ण पट्टा मोकळा राहतो. २०२४ पासून सर्वोच्च विभागात प्रशिक्षकाचा आवाज थेट शिरस्त्राणात ऐकू येण्याची सोय झाली असली, तरी ती मैदानावरील एकाच बचावपटूला मिळते, तो बहुधा लाइनबॅकर असतो, आणि चेंडू खेळात आणण्यासाठीच्या घड्याळात पंधरा सेकंद उरताच तो आवाज बंद होतो. मांडणीतले शेवटचे बदल बहुधा त्यानंतरच होतात, आणि तेव्हा सेफ्टी स्वतःच्या अभ्यासावरच विसंबून असतो.

याशिवाय मैदानाची भूमितीही लक्षात घ्यावी लागते. महाविद्यालयीन मैदान १६० फूट रुंद असते, आणि चेंडू ज्या दोन आखीव रेषांच्या दरम्यान ठेवला जातो, त्या प्रत्येक बाजूच्या सीमारेषेपासून ६० फुटांवर असतात. म्हणजे चेंडू एका रेषेवर असताना एका बाजूला ६० आणि दुसऱ्या बाजूला तब्बल १०० फूट जागा उरते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये या रेषा मध्याच्या खूपच जवळ असल्याने असा असमतोल तेथे नसतो. त्या रुंद बाजूचा सेफ्टी धावत्या खेळाडूला कोणत्या कोनातून गाठतो, यावर अनेक सामन्यांचे निकाल ठरतात, आणि शाळेत निव्वळ वेगाच्या जोरावर चुकीचा कोन सुधारून घेणाऱ्या मुलाला येथे पहिल्यांदाच कळते की, समोरचाही तेवढाच वेगवान आहे. घाईने, डोके खाली घालून, शिरस्त्राणाच्या टोकाने धडक देण्याची सवय असलेल्या मुलाला तर थेट मैदानाबाहेर जावे लागते, कारण असुरक्षित धडकेसाठी, ज्याला टार्गेटिंग म्हणतात, २०१३ पासून खेळाडूला सामन्यातून काढून टाकले जाते. हा नियम मेंदूच्या दुखापतींच्या भीतीतून कडक झाला आहे, आणि मोकळ्या मैदानात पूर्ण वेगाने धडकणारा सेफ्टी या धोक्याच्या सर्वाधिक जवळ असतो. त्यामुळे टॅकलचे योग्य तंत्र हा संघात स्थान मिळवण्याचा आणि आरोग्याचा असा दुहेरी प्रश्न आहे.

इतके असूनही काही मुले पहिल्याच वर्षी ही जागा मिळवतात. टेनेसी विद्यापीठाच्या एरिक बेरीने २००७ मध्ये प्रथम वर्षातच पाच इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू मध्येच झेलण्याचे पाच प्रसंग, नोंदवले आणि पुढे व्यावसायिक संघांच्या २०१० च्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, तो पाचव्या क्रमांकावर घेतला गेला. जॉर्जिया विद्यापीठाचा मलाकाय स्टार्क्स २०२२ मध्ये राष्ट्रीय विजेत्या संघात पहिल्या वर्षीच नियमित सेफ्टी झाला. अलाबामाच्या केलेब डाउन्सने २०२३ मध्ये १०७ टॅकल करून संपूर्ण संघात पहिला क्रमांक मिळवला, आणि त्याच वर्षी पर्ड्यू विद्यापीठाच्या डिलन थीनेमनने सहा इंटरसेप्शन व शंभराहून अधिक टॅकल नोंदवले. या यशामागे असामान्य गुणवत्ता होती यात शंका नाही, परंतु बारकाईने पाहिल्यास आणखी एक समान धागा दिसतो. जॉर्जियाचा आधीचा सेफ्टी लुईस सीन २०२२ च्या वसंतात व्यावसायिक संघाकडे गेला होता. अलाबामाच्या मागच्या फळीतील जॉर्डन बॅटल, ब्रायन ब्रांच आणि डेमार्को हेलम्स हे तिघेही २०२३ च्या निवडीत बाहेर पडले होते. आणि पर्ड्यूमध्ये नवा मुख्य प्रशिक्षक आला होता, जुन्या क्रमवारीचे ओझे नव्हते, शिवाय संघ दुबळा होता, इतका की तो हंगाम त्यांनी चार विजय आणि आठ पराभवांवर संपवला. दार उघडे होते, आणि त्यातून आत शिरण्याची तयारी या मुलांकडे होती. यातली पहिली गोष्ट मुलाच्या हातात नसते, पण ती आधी पाहता मात्र येते, आणि म्हणूनच मार्गदर्शनाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची ठरते.

तयारीचा विचार करता सर्वांत निर्णायक बाब म्हणजे विद्यापीठात दाखल होण्याची वेळ. अनेक होतकरू खेळाडू शालेय अभ्यासक्रम एक सत्र आधी, म्हणजे डिसेंबरमध्ये, पूर्ण करून जानेवारीतच विद्यापीठात जातात, आणि त्यामुळे त्यांना वसंत ऋतूतील पंधरा सरावसत्रे, उन्हाळ्यातील व्यायाम आणि बचावाच्या योजनांचा सात-आठ महिन्यांचा अभ्यास पदरात पडतो. उन्हाळ्यात येणाऱ्या मुलाला हे सारे काही आठवड्यांत उरकावे लागते. शाळेचे शेवटचे सत्र, निरोप समारंभ आणि मित्रांचा सहवास सोडून सतरा-अठराव्या वर्षी मुलाने घराबाहेर पडावे का, हा प्रश्न पालकांना छळतो, आणि तो छळावा असाच आहे. ज्या मुलाचा अभ्यास पक्का आहे आणि ज्याला एकट्याने राहण्याची थोडीतरी सवय आहे, त्याच्यासाठी हा मार्ग योग्य आहे. अभ्यास मागे असताना केवळ जागेच्या लोभाने केलेली घाई मात्र पहिल्याच वर्षी महागात पडते. एनसीएएच्या पहिल्या विभागात खेळण्यासाठी शाळेत सोळा मूलभूत विषय-अभ्यासक्रम पूर्ण केलेले असावे लागतात आणि त्यांत किमान २.३ इतकी गुणसरासरी लागते, त्यामुळे एक सत्र आधी बाहेर पडायचे असेल तर त्याचे नियोजन नववी-दहावीपासूनच करावे लागते.

पहिल्या अकरांत नाव असणे आणि प्रत्यक्ष खेळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही येथे स्पष्ट व्हायला हवे. नोत्र दाम विद्यापीठाचा काइल हॅमिल्टन २०१९ मध्ये प्रथम वर्षात नियमित सुरुवात करणारा खेळाडू नव्हता, तो फेरपालटीने आत येत असे. तरीही त्याने चार इंटरसेप्शन मिळवले, आणि २०२२ मध्ये बाल्टिमोरच्या व्यावसायिक संघाने त्याला चौदाव्या क्रमांकावर निवडले. बहुतेक तरुण सेफ्टींची वाट विशेष पथकांतून जाते, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारला जातो तेव्हा धावत जाऊन प्रतिस्पर्ध्याला रोखणाऱ्या तुकड्यांतून. ज्या मुलाला हे काम कमीपणाचे वाटते, त्याला प्रशिक्षक मुख्य बचावात सहसा घेत नाहीत, कारण मोकळ्या मैदानातील टॅकलची परीक्षा तेथेच होते. जो मुलगा अजून तयार नाही, त्याच्यासाठी रेडशर्ट नावाची सोय आहे: आजवरच्या नियमानुसार खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात, आणि २०१८ पासून एका हंगामात चारपर्यंत सामने खेळूनही ते वर्ष खर्ची पडत नाही. एड रीड मायामीत पहिले वर्ष असाच बाहेर बसला होता आणि २०१९ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानगृहात त्याचा समावेश झाला. टेक्सासच्या अर्ल थॉमसचेही पहिले वर्ष असेच गेले होते. पालक या वर्षाला वाया गेलेले वर्ष म्हणतात, ते चुकीचे आहे.

मात्र वाट पाहण्याचे अर्थकारण अलीकडे बदलले आहे, आणि ते नाकारून मार्गदर्शन करता येणार नाही. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंची अधिकृत नोंदणी, सुरू झाले. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नाव-प्रतिमेतून कमाईची मुभा मिळाली. आणि २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात, परंतु ही तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत फुटबॉल संघाची संख्या १०५ वर मर्यादित झाली आहे. याचा परिणाम असा की, रिकामी जागा दिसली की प्रशिक्षक शाळेतून आलेल्या मुलाला घडवण्याऐवजी दुसऱ्या विद्यापीठातील दोन-तीन वर्षे खेळलेला सेफ्टी आणू शकतो. डिसेंबरात मोकळे दिसलेले दार जानेवारीत बंद झालेले असू शकते. उलट बाजूने खेळाडूलाही जाण्याचे स्वातंत्र्य आहे: अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त होताच डाउन्स ओहायो स्टेटला गेला आणि पुढच्या जानेवारीत त्या संघासह राष्ट्रीय विजेता ठरला. त्याच अंतिम सामन्यात पराभूत नोत्र दामच्या बाजूने झेवियर वॉट्स हा सेफ्टी खेळत होता, जो २०२० मध्ये रिसीव्हर म्हणून आला होता, नंतर जागा बदलून बचावात गेला आणि २०२३ मध्ये देशातील सर्वोत्तम बचावपटूसाठीच्या नागुर्स्की पुरस्काराचा मानकरी ठरला. एकाने पहिल्याच वर्षी जागा मिळवली आणि दुसऱ्याने त्यासाठी वर्षे घालवली, तरी दोघेही एकाच अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले टेक्सास, न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातील शाळांमधून हा खेळ खेळू लागतात, तेव्हा त्यांच्या पालकांसमोर एक जादा प्रश्न असतो. मुलगा अमेरिकी नागरिक असेल तर अडचण नाही. पण तो पालकांच्या एच-१बी व्हिसामुळे मिळणाऱ्या एच-४ दर्जावर असेल, तर एकविसाव्या वर्षी तो दर्जा संपतो, आणि विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर काम करून पैसे मिळवण्यावर कडक मर्यादा आहेत. म्हणून मोबदल्याच्या कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी अशा कुटुंबाने इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घेणे अनिवार्य आहे. हे उत्पन्न करपात्र असते, हेही ध्यानात ठेवावे.

या सर्वांच्या मागे असलेली आकडेवारी कठोर आहे. अमेरिकेत सुमारे दहा लाख मुले शालेय फुटबॉल खेळतात, त्यांपैकी अंदाजे सात टक्के एनसीएएच्या कोणत्या ना कोणत्या विभागात खेळतात, आणि महाविद्यालयीन खेळ संपवून व्यावसायिक निवडीस पात्र ठरणाऱ्यांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी मुले निवडली जातात. म्हणजे पहिल्या वर्षी सुरुवात करणाऱ्या सेफ्टीलाही बहुधा पदवीच्या जोरावरच पोट भरायचे असते, आणि विद्यापीठाची निवड त्या पदवीकडे पाहूनही व्हायला हवी.

तेव्हा करारापूर्वीच्या भेटीत पालकांनी मुलगा पहिल्या वर्षी खेळेल का असे प्रशिक्षकाला विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी आशादायकच मिळते. त्याऐवजी पुढच्या शरद ऋतूत किती सेफ्टी परत येणार आहेत आणि त्यांचे किती हंगाम उरले आहेत, गेल्या तीन वर्षांत या जागेवर शाळेतून आलेली किती मुले खेळली आणि किती बाहेरच्या विद्यापीठांतून आणली गेली, सेफ्टींना प्रत्यक्ष शिकवणारा साहाय्यक प्रशिक्षक किती वर्षे तेथे आहे, आणि तो सोडून गेला तर शिष्यवृत्तीच्या लेखी अटी काय राहतील, हे विचारावे. ही उत्तरे समाधानकारक असतील आणि मुलगा एक संपूर्ण वर्ष न खेळताही त्या विद्यापीठात आनंदाने शिकू शकेल असे वाटत असेल, तरच सही करावी.