मण्यारचे विष आणि पत्ता ओळखणारे कण

प्रश्न : जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात मण्यार चावल्यावर श्वास बंद पडतो. औषध थेट चेतापेशींपर्यंत नेणारे कण यावर उपयोगी पडतील का? (एक वाचक, मंचर)

उत्तर : मण्यारच्या विषातील बीटा-बंगॅरोटॉक्सिन हे प्रथिन, चेतातंतू जिथे स्नायूला भिडतो तिथे तंतूच्या टोकातील अ‍ॅसिटिलकोलीन या संदेशवाहक द्रव्याचा साठा संपवून ते टोकच निकामी करते, म्हणून आधी पापण्या मिटतात आणि पुढे श्वास थांबतो. प्रतिसर्पविष रक्तात फिरणारे विष बांधते, मात्र टोकाची झालेली हानी भरून काढत नाही, आणि वाहक कणांची आशा आहे ती नेमकी येथेच.

असा कण बहुधा १०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा असतो, आणि तो कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानसारख्या, शरीराला सोसणाऱ्या द्रव्याचा करतात. खरी कसोटी त्यावरील ‘पत्त्या’ची, म्हणजे नेमक्या पेशींना ओळखून चिकटणाऱ्या तुकड्याची. २००७ मध्ये प्रीती कुमार, मंजुनाथ स्वामी व सहकाऱ्यांनी रेबीज विषाणूच्या प्रथिनातील २९ अमिनो आम्लांचा तुकडा वापरून उंदरांच्या रक्तातून मेंदूतील चेतापेशींपर्यंत औषधी आरएनए पोहोचवला; पुढे हाच तुकडा अनेकांनी कणांवर जडवला. तो अ‍ॅसिटिलकोलीनच्या ग्राहींना चिकटतो, आणि काही सर्पविषेही तेच करतात, हे साम्य विलक्षण आहे.

मण्यारदंशावर मात्र असे औषध आज रुग्णालयात उपलब्ध नाही. दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला होतो आणि फारसा दुखतही नाही. म्हणून शंका येताच मांत्रिकाकडे न जाता, कृत्रिम श्वसनाची सोय असलेले रुग्णालय तातडीने गाठावे.