संगणक मधेच बंद पडतो तेव्हा

चालता चालता बैल मधेच बसला, तर आपण त्याला लगेच बाजारात नेत नाही. आधी खांदा पाहतो. खूर पाहतो. चारा-पाणी झाले होते का, ते विचारतो. कारण सापडले की उपाय सापडतो. संगणकाचेही तसेच आहे.

आता संगणक खेडोपाडी आला आहे. सात-बाराचा उतारा, मुलांचे अर्ज, बचत गटाचा हिशेब ही कामे त्यावर होतात. तो मधेच बंद पडला की काम खोळंबते. कोणी म्हणतो, "जुना झाला, नवा घ्या." पण मंडळी, नवा घेण्यापूर्वी चार दिवस थांबावे आणि हातात वही घ्यावी.

वही कशाला? आम्हाला ठाऊक असलेल्या एका घरची गोष्ट ऐका.

चार दिवसांचे टिपण

त्या घरची सून बचत गटाचा हिशेब ठेवते. एका दुपारी तिने दहा जणींचे हप्ते संगणकावर लिहिले. शेवटची ओळ राहिली होती. तेवढ्यात पडदा काळा झाला. लिहिलेले सारे गेले. दुसऱ्या दुपारीही तेच झाले. गटातल्या बाया कुजबुजू लागल्या. पैसा दहा जणींचा. हिशेब दिसला नाही की विश्वास डळमळतो.

सासरे म्हणाले, "सूनबाई, दोन शेळ्या विकू आणि नवा आणू."

ती म्हणाली, "मामंजी, घाई नको. आधी मी टिपून ठेवते." तिने वहीत असे लिहिले :

सोमवार. दुपारी २ वाजता सुरू केला. २५ मिनिटांत बंद. घरातला दिवा चालूच.

मंगळवार. सकाळी ७ वाजता सुरू केला. २ तास नीट चालला.

बुधवार. दुपारी ३ वाजता सुरू केला. २० मिनिटांत बंद. लगेच पुन्हा सुरू केला, तर ५ मिनिटांत बंद. पेटी गरम.

गुरुवार. सकाळी ७ वाजता सुरू केला. दीड तास नीट चालला.

आता तुम्हीच ताडून पाहा. दिवा चालू होता, म्हणजे वीज गेली नव्हती. सकाळी चालतो, उन्हाच्या वेळी बंद पडतो. लगेच सुरू केला तर आणखी लवकर बंद पडतो. म्हणजे दुखणे उष्णतेचे!

उष्णतेने बंद का पडतो?

संगणकाच्या पेटीत प्रोसेसर नावाचा एक लहानसा भाग असतो. तोच सारी आकडेमोड करतो. काम करताना तो तापतो. त्याला वारा घालायला पंखा असतो. पंख्यावर धूळ साचली की वारा कमी पडतो. मग प्रोसेसर फार तापतो. १०० अंशांच्या आसपास गेला की संगणक आपण होऊन बंद होतो. भाग जळू नये म्हणूनच ही सोय केलेली असते.

सफाई कशी करावी?

१. संगणक बंद करा. भिंतीवरचे बटण बंद करा. प्लग काढून घ्या. पेटी थंड होऊ द्या.

२. हमीची मुदत चालू असेल, तर पेटी उघडू नका. दुकानदाराला बोलवा.

३. मुदत संपली असेल, तर बाजूचे झाकण काढा. कोरड्या, मऊ ब्रशाने धूळ झाडा. पंखा बोटाने धरून झाडा, गरगर फिरू देऊ नका. ओले फडके लावू नका.

४. विजेची वायर जिथे आत जाते, तिथे एक धातूचा डबा असतो. तो कधीही उघडू नका. प्लग काढला तरी त्यात वीज साठून राहते. जिवाशी गाठ आहे.

५. पेटी भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. चुलीजवळ नको, धान्याच्या कणगीजवळ नको. संगणक चालू असताना त्यावर कापड घालू नका.

दुसरी कारणे

दर वेळी कारण उष्णताच असते असे नाही. म्हणून खुणा ओळखाव्यात.

दिवा मंद होतो आणि संगणक बंद पडतो : विजेचा दाब कमी झाला. घरची वीज २३० व्होल्टची असते. शेतातल्या मोटरी एकदम सुरू झाल्या की दाब उतरतो.

वायर हलली की बंद पडतो : प्लग सैल आहे.

वीज जाताच यूपीएस असूनही बंद पडतो : यूपीएसची बॅटरी थकली. ती साधारण ३ ते ५ वर्षे चालते.

आधी पडद्यावर सूचना येते, मग बंद होऊन पुन्हा सुरू होतो : हा बहुधा बिघाड नव्हे. ती सूचना वाचावी.

जळका वास येतो किंवा हाताला झटका बसतो : बटण बंद करा आणि जाणकार कारागीर बोलवा. स्वतः हात घालू नका.

कारागीर आला की त्याला वही दाखवा. "कधी कधी बंद पडतो" एवढ्याने त्याला काही कळत नाही. दिवस, वेळ आणि खूण लिहिलेली असली की त्याचा वेळ वाचतो आणि आपला पैसा वाचतो.

त्या घरी पेटी उघडली, तेव्हा पंख्यावर धुळीचा जाड थर निघाला. खर्च झाला तो एका ब्रशाचा. शेळ्या गोठ्यातच राहिल्या. हिशेब मात्र पुन्हा लिहावा लागला. तेव्हापासून ती दर पाच ओळींनंतर कंट्रोल आणि एस ही दोन बटणे एकदम दाबते. त्याने लिहिलेले जतन होते. महिन्याचा हिशेब ती कागदी वहीतही उतरवते. बाया तो वाचतात आणि सही करतात.

प्रश्न

१. बुधवारच्या टिपणातून काय कळले?

२. कोणता डबा उघडू नये? का?

३. तुमच्या घरी मोटर, पंखा किंवा संगणक बंद पडत असेल, तर चार दिवसांचे टिपण लिहा.