राजूर नेमकं कोणतं?

वंशावळीपायी आमच्या घरची एक सोयरीक मोडली. चुलतभावाने पैसे मोजून एका जाणकाराकडून सात पिढ्यांचा तक्ता करवून घेतला होता. त्यात आमचं मूळ गाव लागलं राजूर, तालुका भोकरदन. पुढे त्याच्याच मुलीला तिकडचं चांगलं स्थळ सांगून आलं. आम्ही पांचाळ, आडनाव बहुतेकांचं तेच, तेवढ्यावर कुणाचं अडत नाही. पण तक्त्यात त्यांचा खापरपणजा आमच्या खापरपणज्याचा सख्खा भाऊ निघाला. भावकीत लग्न कसं करायचं? बोलणी थांबली.

त्यानंतर मी स्वतः कागद काढायला बसलो. आमच्या अहमदपूरलाच पूर्वी राजूर म्हणत, हे इथल्या म्हाताऱ्यांना पाठ आहे. भोकरदनचं राजूर गणपतीचं म्हणून प्रसिद्ध. शिवाय चंद्रपूरचं राजुरा आहे, तेही निजामाच्या राज्यातच होतं, आदिलाबाद जिल्ह्यात. तीर्थोपाध्यायांच्या वहीत ओळ होती फक्त ‘राजूरचे सुतार’ एवढीच. जाणकाराने नावाजलेलं राजूर उचललं आणि तिथल्या घराला आम्हाला जोडून दिलं. आमचं कुलदैवत माळेगावचा खंडोबा, त्यांचं भलतंच. एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. गावाचं नाव जुळलं की आधी कुलदैवत विचारा, मग पुढे सरका.

दुसरी गोम सालाची. आपल्याकडचे जुने कागद उर्दूत आणि मोडीत, आणि साल बहुधा फसली. फसली सालात 590 मिळवले की इसवी सन येतो, एखाद्या वर्षाचा फरक धरायचा. फसली 1341 म्हणजे 1931-32. तोच आकडा कुणी हिजरी समजून वाचला तर 1922-23 येतं. आमच्या तक्त्यात या नऊ वर्षांनी घोळ घातला होता: आजा जन्मला तेव्हा त्याचा बाप जेमतेम अकरा वर्षांचा! तक्ता वर्षभर भिंतीवर होता, पण वजाबाकी कुणी केली नाही. मोडी वाचणारा माणूस गाठा, त्याला फी द्या, पण कागद हातात देऊन येऊ नका. शेजारी बसून वाचून घ्या आणि तिथल्या तिथे फोटो काढा. एका भाऊबंदाने मूळ सनदच देऊन टाकली होती, ती परत आली नाही.

जिल्ह्याचंही तसंच. अहमदपूर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात, मग उस्मानाबादेत, आणि 16 ऑगस्ट 1982 पासून लातुरात. जुन्या कागदावर ‘जिल्हा बीदर’ दिसलं की घराणं कर्नाटकातून आलं असं सांगणारे भेटतात. घराणं जागेवरच होतं, हद्द हलली. निजामकाळाचे कागद तालुक्याला मिळाले नाहीत तर हैदराबादच्या पुराभिलेखागाराचा विचार करावा लागतो.

पुतण्या इंग्लंडात आहे. त्याच्या शेजारणीने आपला पणजोबा खेड्यातला चाकं करणारा होता, त्याचा भाऊ कॅनडाला गेला, हे सगळं घरबसल्या शोधलं. तिथे 1841 पासूनच्या जनगणनेत घरोघरची नावं आणि धंदे मिळतात, चर्चच्या नोंदवह्या तर 1538 पासूनच्या. आपल्या जनगणनेतून आकडे मिळतात, माणसं मिळत नाहीत. अपवाद 1951 चा: त्या वेळी गावोगाव नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर झालं. कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 मध्ये शिंदे समिती नेमली गेली तेव्हा हे रजिस्टर, 1954 चं खासरा पत्रक, गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुक, ही नावं सर्वांच्या तोंडी आली. जात कोणतीही असो, तुमची माणसंही याच दप्तरांत असतील.

मात्र धंद्याच्या रकान्यावर विसंबू नका. पांचाळांत लोखंड, लाकूड, तांबं, दगड, सोनं असे पाचही कारागीर येतात. आमच्या आज्याची नोंद सुतार अशी, त्याच्या सख्ख्या भावाची लोहार. दोघांची कामाची जागा एकच होती. एक तिफणीला चाडं बसवायचा, गाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे घडवायचा. दुसरा त्याच चाकावर तापवलेली धाव चढवून वर पाणी ओतायचा. लिहिणाऱ्याने ज्याच्या हातात जे पाहिलं ते लिहिलं. सुगीला बलुतं मात्र दोघांचं मिळून खळ्यावरून एकाच पोत्यात यायचं, असं आत्या सांगते. अशी गोष्ट कुठल्या दप्तरात सापडणार?

म्हणून कागदाआधी म्हाताऱ्या बायका. लग्नात मान कुणाचा, सुतक कुणाचं धरायचं, कोणती वाट बंद झाली, हे त्यांना ठाऊक असतं. गाव सोडून गेलेल्यांचा पत्ताही त्याच सांगतात. आमचा एक चुलता 1972 च्या दुष्काळात भोसरीला गेला आणि ओतकामाचे लाकडी साचे करू लागला. गावच्या कागदांत त्याचं नाव तिथे संपतं, आत्याच्या तोंडी त्याची नातवंडंही आहेत. ज्यांचे पूर्वज मॉरिशसला गेले त्यांना, खरं सांगायचं तर, आपल्यापेक्षा सोपं आहे. करारावर नेलेल्या मजुरांची दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेने जपली आहेत.

आमचा नवा तक्ता पाचच पिढ्यांचा आहे. जिथे पुरावा नाही तिथे जागा कोरी सोडली आहे, आणि प्रत्येक नावाखाली कोणत्या कागदावरून किंवा कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं ते टाकलं आहे. चुलतभावाला तो आवडला नाही. त्याला सातच पिढ्या हव्यात.