परसांतील कोंबड्या व मानमोडीचा बंदोबस्त

शेतकऱ्याच्या जोडधंद्यांचा हिशेब मांडतांना गाय, म्हैस, शेळी यांची नोंद होते; परसांतील आठदहा कोंबड्यांची बहुधा होत नाहीं. कारण त्यांचा खर्च डोळ्यांत भरत नाहीं व उत्पन्नहि घरच्या पुरुषाच्या हातीं येत नाहीं. उकिरड्यावरील किडे, खळ्यांत सांडलेले दाणे व घरांतील कण्याकोंडा यांवर हीं पांखरें वाढतात, आणि अंडीं विकून आलेला पैसा घरधनिणीच्या गांठीला राहतो. मुलाची वही, औषधाची बाटली, अवचित आलेल्या पाहुण्याचें आतिथ्य हे खर्च त्या गांठींतूनच भागतात. म्हणून कोंबड्यांची सांथ म्हणजे घरांतील स्त्रीच्या मिळकतीवर पडलेला घाला, असें आम्ही समजतों. व तो कसा चुकवावा हाच प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय आहे.

पांखरांपासून मिळणारें सुख

केवळ पैशासाठींच कोणी परसांत कोंबड्या ठेवतो असें नाहीं. खुडूक कोंबडीखालीं दहाबारा अंडीं ठेवल्यापासून घरांतील मुलें दिवस मोजूं लागतात. सातव्याआठव्या दिवशीं अंधाऱ्या खोलींत अंडें दिव्यासमोर धरलें, तर आंत तांबड्या शिरांचें जाळें दिसतें; तें न दिसल्यास अंडें फोल समजून काढून टाकावें. विसाव्या दिवसाच्या सुमारास कवचाआडून चिवचिव ऐकूं येते व एकविसाव्या दिवशीं पिलें बाहेर पडतात. मग ती माउली पायानें माती उकरून पिलांना दाणा दाखविते आणि घारीची सावली पडतांच सर्वांना पंखांखालीं घेते. हें दृश्य पाहून ज्याला आनंद होत नाहीं असा शेतकरी विरळाच.

आपली गांवठी कोंबडी वर्षाला साधारणतः पन्नाससाठ अंडीं देते. वनराजा, गिरिराज यांसारख्या सुधारलेल्या जाती त्याहून पुष्कळ अधिक देतात. पण त्या बहुधा खुडूक बसत नाहींत. यासाठीं सुधारलेल्या कोंबड्या ठेवणारानेंहि अंडीं उबविण्याकरितां एकदोन गांवठी कोंबड्या जवळ बाळगाव्या.

खुराडें व खाणें

खुराडें जमिनीपासून हातभर उंच, कोरडें व वारा खेळणारें असावें. सकाळीं दार उघडतांच नाकाला झोंबणारी घाण आली तर आंत ओल सांचली आहे असें समजावें. ही ओल पिलांना बाधते. लांकडाच्या फटींत दिवसा दडून रात्रीं रक्त पिणारे बारीक किडे होतात, म्हणून फटी बुजवून खुराड्याला वरचेवर चुना लावावा. परसाच्या एका कोपऱ्यांत राख व कोरडी माती घालून खळगा ठेवावा. कोंबड्या त्यांत लोळून अंगावरील उवा आपणच झाडतात.

खाण्याविषयीं दोनच गोष्टी सांगतों. बुरशी आलेला मका किंवा भुईमुगाची पेंड घालूं नये. त्या बुरशीचें विष यकृत बिघडवितें. तसेंच अंड्याचें कवच पातळ येऊं लागल्यास शिंपल्यांचा चुरा द्यावा. स्वच्छ पाणी दिवसभर सांवलींत ठेवावें, हें निराळें सांगावयास नको.

लहानसहान दुखणीं

तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना विष्ठेंतून रक्त पडूं लागलें, तर ती रक्ती हगवण होय. हा रोग ओलीमुळें बळावतो. अशा वेळीं खालचें भुसकट ताबडतोब बदलून पशुवैद्याकडून पाण्यांतून देण्याचें औषध आणावें. वेळींच दिल्यास पुष्कळ पिलें वांचतात. तुऱ्यावर व डोळ्यांभोंवतीं खपल्या धरल्या तर त्या देवी समजाव्या. डांस हा रोग पसरवितात; त्यावर प्रतिबंधक लस मिळते.

मानमोडी

परंतु सबंध परसू एका आठवड्यांत ओसाड करणारा रोग एकच, आणि तो म्हणजे मानमोडी. इ. स. १९२६ मध्यें जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें हा रोग ओळखला गेला. पुढें कुमाऊं प्रांतांतील राणीखेत येथें तो आढळला, म्हणून आपल्याकडे त्याला राणीखेत असेंहि नांव पडलें. कोंबडी पिसें फुलवून पेंगते, चोंच उघडून श्वास घेते, हिरवट पातळ हगते. पुढें पाय व पंख लुळे पडतात आणि मान वांकडी होते. लस न टोचलेल्या कळपांत शेंकडा नव्वदहून अधिक पांखरें मरूं शकतात. हा रोग विषाणूचा असल्यानें तो जडल्यावर त्याला औषध नाहीं. लसूण, हळद, ताक यांनीं तो बरा होतो या समजुतींत अर्थ नाहीं.

याचा दाखला आम्हीं आमच्याच घरीं घेतला आहे. एके वर्षीं आमच्या परसांत चौदा कोंबड्या होत्या. आठवड्याच्या बाजारांत दोन तलंगा स्वस्त मिळाल्या म्हणून आणल्या व त्याच संध्याकाळीं खुराड्यांत सोडल्या. चौथ्या दिवशीं त्यांतील एक मान टाकून पडली, आणि पुढील दहा दिवसांत आमच्या चौदांपैकीं तेरा गेल्या. धांवत जाऊन लस मागितली, तेव्हां डॉक्टरांनीं सांगितलें कीं, रोग अंगांत शिरल्यावर लस उपयोगीं पडत नाहीं. त्या तलंगा स्वस्त कां होत्या तें आम्हांस मागाहून कळलें. पण विकणाराला काय म्हणून दोष द्यावा? आमच्याच वाडींत त्या आठवड्यांत लोक पेंगणाऱ्या कोंबड्या घाईघाईनें बाजारांत नेत होते. एकाचें नुकसान टाळण्याच्या या धडपडीनेंच रोग गांवोगांव पोहोंचतो.

उपाय एकट्याचा नव्हे, वाडीचा

उपाय म्हणजे लस. पिलूं सुमारें एका आठवड्याचें झालें कीं सौम्य लशीचा एक थेंब डोळ्यांत किंवा नाकांत घालावा. चौथ्या आठवड्याच्या सुमारास ती पुन्हां द्यावी. पुढें आठ आठवड्यांच्या सुमारास दुसरी, अधिक प्रखर लस पंखाखालीं टोचतात. ही लस लहान पिलांना किंवा आजारी कोंबड्यांना टोचूं नये. त्यानंतर ती केव्हां पुन्हां टोचावी हें पशुवैद्यास विचारून ठरवावें.

मग लोक लस कां देत नाहींत? खरी अडचण किंमतीची नाहीं. लशीची कुपी बहुधा शंभर किंवा अधिक मात्रांची असते, ती बर्फांत आणावी लागते, आणि एकदां पाण्यांत मिसळली कीं एकदोन तासांत संपवावी लागते. ज्याच्या घरीं आठ कोंबड्या, त्यानें उरलेल्या मात्रांचें काय करावें? पण बारा घरें एकत्र आलीं तर बारा आठे शहाण्णव, म्हणजे एक कुपी पुरी होते. यासाठीं प्रत्येक वाडीनें दिवस नेमावा, त्या दिवशीं पहांटे कोणींहि खुराडीं उघडूं नयेत, आणि उजाडण्यापूर्वींच टोचणाऱ्याला घरोघर फिरवावें. कोणाचीं किती पांखरें व पुढची तारीख कोणती, याची वही वाडींतील एखाद्या लिहितीवाचती स्त्रीकडे द्यावी. कोंबड्या तिच्याच वर्गाच्या आहेत, तेव्हां वहीहि तिचीच असावी.

यासोबत तीन नियम पाळावे. विकत आणलेलें पांखरूं निदान पंधरा दिवस निराळें डालग्याखालीं ठेवावें व त्याला दाणापाणी सर्वांत शेवटीं घालावें. मेलेली कोंबडी ओढ्यांत किंवा उकिरड्यावर न टाकतां चुना घालून खोल पुरावी. आणि पुष्कळ पांखरें एकाएकीं मरूं लागल्यास त्यांना उघडा हात न लावतां सरकारी दवाखान्यांत वर्दी द्यावी. कारण बर्ड फ्लूचीं लक्षणेंहि अशींच असतात व तो माणसालाहि होऊं शकतो. फेब्रुवारी २००६ मध्यें भारतांतील त्याची पहिली सांथ आपल्याच महाराष्ट्रांत, नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें झाली, हें विसरूं नये.

संध्याकाळीं पांखरें खुराड्यांत शिरतांना त्यांची गणती करण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. ती करतांना मोजण्याबरोबर निरखावें. कोण पेंगतें, कोण मागें राहतें, कोणाची विष्ठा हिरवी, हें ज्या घरधनिणीला त्या वेळीं दिसतें, तिला सांथीची चाहूल सर्वांआधीं लागते. आमच्या चौदांपैकीं उरलेली ती एक कोंबडी पुढच्या हंगामांत खुडूक बसली व तिनें नऊ पिलें काढलीं. तीं आठवड्याचीं होतांच आम्हीं शेजारच्या अकरा घरांना बोलाविलें. वाचकांनीं एवढें नुकसान सोसण्याची वाट न पाहतां आपल्या शेजाऱ्यांस आजच बोलवावें, इतकीच आमची विनंति आहे.